पुण्याचे नासासंधान

नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे, असे आपल्या भाषेने ज्या काळी ठरविले, त्या काळी तो केवळ वाक्प्रचार नव्हता. शिक्षा म्हणून वा सूड म्हणून खरोखरीच नाके कापली जात. तेव्हा ती पुन्हा घडविणारे हातही या देशात निर्माण व्हावेत, हे ओघानेच आले.

टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा कैद झाला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्यास नवे नाक करून दिले. मुंबईकडील दोघा इंग्रज डॉक्टरांनी ती क्रिया पाहिली व लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये तिची हकीकत छापून आली.

क्रिया मोठी युक्तीची होती. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरीत व त्याभोवती रेघ ओढीत. तेवढी कातडी सोडवून, भुवयांमधील एक चिंचोळी पट्टी मात्र न तोडता, ती पीळ देऊन खाली आणीत आणि नाकपुड्या व मधला पडदा यांच्या जागी केलेल्या चिरेत तिची कड बसवीत. टाक्यांऐवजी पाण्यात कालविलेल्या काताच्या कापडी पट्ट्या चिकटवीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापीत. तोवर नव्या कातडीस रक्त तिच्यातूनच पोचे. सारे मर्म येथेच आहे.

सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने, पानाच्या मापाने नाक जोडण्याचा विधी आहे. पुण्यात कपाळ व मेण आले. यावरून ही विद्या पोथीतच न राहता कारागिरांच्या हाती वाढत गेली असावी, असे आम्हांस वाटते.

ही हकीकत वाचून लंडनच्या कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये तशीच क्रिया यशस्वी केली व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तेथून ती युरोपभर गेली. नाकाच्या पडद्यास पडलेले मोठे छिद्र बुजविणे आजही अवघड आहे. तेथेही शेजारचे जिवंत अस्तर, त्याचा रक्तपुरवठा न तोडता, सरकवून आणणे हाच एक मुख्य उपाय ठरतो.

या प्रकरणात रोग्याचे नाव राहिले, त्याचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचे राहिले, कार्प्यूचेही राहिले. ज्याने नाक घडविले, त्याची केवळ जात नोंदली गेली. हा दोष एकट्या इंग्रजांच्या माथी मारून आम्हांस सुटता येणार नाही. पेशवाईतील पुण्यात लेखणी धरणाऱ्यांचा तोटा नव्हता. परंतु विद्या एका घरी आणि कसब दुसऱ्या घरी, अशी आमची वाटणी होती. सुश्रुताचा अभिमान मिरविणाऱ्यांनी या अनाम कारागिराचे ऋण आधी मान्य करावे.