श्वानांतील मेंदूदाह : निदान आणि उपचार

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुत्रा हा घराचा राखणदार आणि रानात गुरांमागे जाणारा सोबती. तो अचानक झोकांड्या खाऊ लागला, त्याला झटके येऊ लागले, की ‘पिसाळला’ असा निष्कर्ष काढला जातो. ही भीती अनाठायी नाही. रेबीज हाही मेंदूचा दाहच असून लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही. कुत्रा साधारणतः दहा दिवसांच्या आत दगावतो. म्हणून लस न टोचलेल्या श्वानाला हात न लावता बंदिस्त ठेवावे व पशुवैद्यकाला कळवावे. कांदा हुंगवण्यासाठी तोंडाजवळ जाण्याचे धाडस तर मुळीच करू नये. चावा बसल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

मात्र प्रत्येक झटका रेबीजचा नसतो. लस न मिळालेल्या पिल्लांत डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग आढळतो. प्रथम ताप, नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव, जुलाब. पुढे, कधी काही आठवड्यांनी, चघळल्यासारखा हलणारा जबडा आणि सतत उडणारा एखादा पाय. या विषाणूवर खात्रीचे औषध नाही. सलाईन, दुय्यम संसर्गासाठी प्रतिजैविके आणि झटक्यांसाठी फेनोबार्बिटोन, एवढाच आधार. वाचलेल्या जनावराचा पाय जन्मभर उडत राहू शकतो. २०१८ मध्ये गीरच्या मृत सिंहांत हाच विषाणू सापडला होता, हे जंगलालगतच्या गावांनी विसरू नये.

गोचिडांतून होणारा एर्लिकिओसिसही क्वचित मेंदूपर्यंत पोहोचतो; तेथे डॉक्सिसायक्लिन उपयोगी पडते.

पग, माल्टीज अशा लहान जातींत शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. एमआरआय आणि मेंदूजलाच्या तपासणीवरून असे निदान केले जाते. तालुक्याच्या दवाखान्यात ही सोय अपेक्षिता येत नाही. उपचारात प्रेडनिसोलोन, जोडीला सायटाराबिन किंवा सायक्लोस्पोरिन देतात आणि मात्रा कित्येक महिन्यांत हळूहळू कमी करतात. मालकाने मध्येच गोळ्या बंद केल्यास आजार उलटू शकतो. संसर्गाची शक्यता न तपासता मोठ्या मात्रेत स्टिरॉइड दिल्यास मात्र संसर्ग अधिकच बळावतो. ‘बघू तर देऊन’ ही वृत्ती येथे घातक ठरते.

डिस्टेंपरची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी, तर रेबीजची तिसऱ्या महिन्यात टोचून घ्यावी. सुट्टीत दाभोसा धबधब्याकडे कुत्र्यासह निघणाऱ्या मुंबईकरांनी लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवावे.