बुगुन लिओसिक्ला : न मारता नोंदलेला पक्षी

बुगुन लिओसिक्ला हा अरुणाचल प्रदेशातल्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात, ईगलनेस्टच्या डोंगरांत आढळणारा पक्षी. लांबी सुमारे 22 सेंटिमीटर. कुळ आपल्या सातभाईंचेच, रूप मात्र त्यांच्याहून कितीतरी देखणे: राखट हिरवे अंग, काळी टोपी, डोळ्यापुढे केशरी-पिवळा ठिपका, पंखांवर पिवळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या खुणा. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंचावर, धुक्याने भिजलेल्या रानाच्या कडेला, झुडपांच्या गचपणात तो किडे आणि फळे शोधत फिरतो.

ईगलनेस्ट हे नाव 1950 च्या दशकात या भागात तैनात असलेल्या लष्कराच्या ‘रेड ईगल’ डिव्हिजनवरून पडले. 1989 मध्ये येथे 218 चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. जानेवारी 1995 मध्ये खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांना येथे दोन अनोळखी पक्षी दिसले. भारतातल्या कोणत्याच ज्ञात पक्ष्याशी त्यांचे वर्णन जुळेना. सर्वांत जवळचा नातलग चीनच्या सिचुआन प्रांतातला. पुन्हा दर्शन घडायला 2005 साल उजाडले.

खरा पेच पुढेच होता. नव्या जातीचे वर्णन करायचे, तर एक पक्षी मारून त्याचे कातडे संग्रहालयात ठेवायचे, ही प्राणिशास्त्राची फार जुनी रीत. जिवंत सोडलेल्या पक्ष्यावरून नवी जात मांडण्याचा एक गाजलेला प्रयत्न 1991 मध्ये सोमालियातल्या एका खाटिक पक्ष्याबाबत झाला होता. ती जात वेगळी नव्हतीच, हे पुढे 2008 मध्ये डीएनए तपासणीतून उघड झाले. म्हणजे जुन्या रीतीला आधार होता. पण ईगलनेस्टमध्ये जेमतेम 14 पक्षी दिसले होते, आणि त्यांतला एक मारणे अत्रेय यांना मान्य नव्हते. मे 2006 मध्ये जाळ्यात पक्षी सापडला, तेव्हा त्याची मापे आणि छायाचित्रे घेतली, जाळ्यात गळलेली पिसे जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. पिसे, छायाचित्रे आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण एवढ्या आधारावर त्याच वर्षी ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. हा निर्णय धाडसाचा होता आणि योग्यही.

जातीला बुगुन जमातीचे नाव देण्यात आले. त्यालाही कारण होते. पक्षी मुख्यतः दिसत होता तो अभयारण्याच्या हद्दीबाहेर, बुगुनांच्या सामूहिक मालकीच्या जंगलात. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कडक बंधने घातल्यावर ईशान्येतल्या अनेक गावांचे लाकडावरचे उत्पन्न आटले होते. ईगलनेस्टला पक्षी पाहायला येणाऱ्यांच्या मुक्कामाची सोय गावकऱ्यांनी हाती घेतली आणि उभे जंगलच कमाई देऊ लागले. 2017 मध्ये बुगुनांच्या सिंगचुंग गावाने आपल्या जंगलापैकी 17 चौरस किलोमीटर क्षेत्र सामुदायिक राखीव म्हणून घोषित करवून घेतले. तिथली गस्त गावातलेच तरुण घालतात. पक्षी आजही अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो.