रविवर्मा ते दोडिया : अभिजात तैलचित्र आणि बाजारातील प्रतिमा

भारतीय चित्रकलेत अभिजात आणि लोकप्रिय यांची सरमिसळ दिसली की 'पॉप आर्ट' ही संज्ञा वापरण्याचा प्रघात आहे. ती सोयीची असली तरी अपुरी आहे. अँडी वॉरहॉल याने १९६२ मध्ये सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली, तेव्हा दुकानातील वस्तू कलादालनात गेली. भारतात याच्या उलट दिशेचा प्रवास सुमारे सात दशके आधीच सुरू झाला होता.

राजा रविवर्मा यांनी युरोपीय अकादमिक शैलीचे तैलरंग पौराणिक विषयांसाठी योजले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी अशी १४ चित्रे रंगविली. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना निघाला व पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविला गेला. राजवाड्यातील लक्ष्मी-सरस्वती तेथून घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोहोचल्या. काही घरांत तर त्या छापील चित्रांवर जर व टिकल्याही चिकटविल्या गेल्या. पुढील समीक्षकांनी या चित्रांना 'कॅलेंडर आर्ट' म्हणून हिणविले. त्या अवहेलनेत सामान्य माणसाच्या दृष्टीसंस्काराचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला.

हा वारसा संकोच न बाळगता प्रथम स्वीकारला तो भूपेन खख्खर यांनी. मुंबईत १९३४ साली जन्मलेले व व्यवसायाने सनदी लेखापाल असलेले खख्खर १९६२ मध्ये बडोद्यास गेले. आरंभी त्यांनी देवदेवतांची छापील चित्रे कोलाजमध्ये चिकटविली. 'जनता वॉच रिपेअरिंग' (१९७२) या तैलचित्रात घड्याळजीचे साधे दुकान येते. कंपनी शैलीतील कारागिरांच्या चित्रांची आठवण त्यात आहे आणि दुकानाच्या पाटीचा सपाट रंगही आहे. 'यू कान्ट प्लीज ऑल' (१९८१) मध्ये बाप, लेक आणि गाढव यांची परिचित गोष्ट एकाच दृश्यात अनेक प्रसंगांनी मांडली आहे. ही रीत इटलीतील सिएना येथील जुन्या चित्रकारांची. सज्जात पाठमोरा उभा असलेला नग्न पुरुष ती गोष्ट पाहतो आहे. लोकापवादाची ही कथा समलिंगी चित्रकाराने निवडावी, हे अर्थपूर्ण आहे.

सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या अतुल दोडिया यांच्या 'बॉम्बे बुकॅनिअर' (१९९४) मध्ये चित्रकार स्वतःच 'बाजीगर'च्या पोस्टरमधील नायकाच्या थाटात उभा आहे. त्याच्या काळ्या चष्म्याच्या काचांत दिसतात डेव्हिड हॉकनी आणि खख्खर. गुरुऋण मान्य करण्याची ही मिस्कील पद्धत होय. पुढे दोडियांनी दुकानाचे लोखंडी शटर हेच चित्रफलक केले. रंगही तैलरंग नव्हे, तर पाट्या रंगविणाऱ्यांचा एनॅमल. 'महालक्ष्मी' (२००२) मध्ये शटरवर कॅलेंडरच्या वळणाची प्रसन्न लक्ष्मी आहे. शटर वर सरकविले, की मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन तरुणी दिसतात.