वाशीमच्या जुन्या मोटारसायकली आणि त्यांचे उस्ताद

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि पुढे इथल्या गाड्यांवर एमएच ३० ऐवजी एमएच ३७ लागू लागले. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरच्या बाजारात एमएच ३० ची जुनी हिरो होंडा दिसली, तर बऱ्याचदा ती जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी असते. एवढी वर्षे गाडी चालते कशी? कंपनीचे नाव घेऊन आपण मोकळे होतो. पण कंपनी गाडी एकदाच बनवते. त्यानंतर ती पुन्हा पुन्हा उभी करतो तो मिस्त्री.

साठच्या दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत आली. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचे. त्यामुळे सायलेन्सरमध्ये काजळी धरायची, ओढ कमी व्हायची. काजळी जाळणे आणि खरवडणे हे त्या काळच्या शागिर्दाचे काम. १९८४ मध्ये हिरो आणि जपानची होंडा एकत्र आल्या आणि १९८५ मध्ये हरियाणातील धारूहेडा येथून सीडी १०० बाहेर पडली. शंभर सीसीच्याही आतले हे फोर-स्ट्रोक इंजिन पेट्रोल कमी प्यायचे, म्हणून शेतकऱ्याला परवडले. मिस्त्रीला मात्र व्हॉल्व्ह, टॅपेट, टायमिंग चेन हे सारे नव्याने शिकावे लागले.

आपल्याकडे गाडी झिजते तीही आपल्या मातीमुळे. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरची काळी माती चेन आणि मडगार्डमध्ये घट्ट बसते, स्प्रॉकेटचे दात खाते. उन्हाळ्यात तिचीच धूळ होते. फिल्टरमधून निसटलेली ती धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते. त्यात खताची पोती आणि वर दोन माणसे. मग गाडी ऑईल खाऊ लागते, धूर मारते.

या इंजिनाचा मूळ बोअर ५० मिलिमीटरचा. झिजला की लेथवाला तो थोडा मोठा करतो आणि ०.२५ चा मोठा पिस्टन बसतो. पुढच्या वेळी ०.५०, मग ०.७५, शेवटी १.००. त्यानंतर स्लीव्ह किंवा नवा ब्लॉक. जुन्या गाडीचा मीटर पाच आकड्यांचा. ९९,९९९ किलोमीटरनंतर तो पुन्हा शून्यावर येतो. रोज ४० किलोमीटर, वर्षातले ३०० दिवस धरले, तर साडेआठ वर्षांच्या आत मीटर पलटतो. गाडीचे खरे वय त्यानंतर मीटरवर दिसत नाही. ते पिस्टनवरच्या आकड्यावर आणि मिस्त्रीच्या आठवणीत असते.

विदर्भातल्या कितीतरी गॅरेजांत हा मिस्त्री मुसलमान असतो. यात नवल नाही. नोकरीत जागा न मिळालेल्या समाजाने हाताच्या हुनरावर घर चालवले. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही मुस्लीम कामगार स्वयंरोजगारात आणि वाहनदुरुस्तीसारख्या धंद्यांत जास्त असल्याचे नोंदवले. इथे प्रमाणपत्र नव्हते. मुलगा आधी पाने हातात द्यायचा, मग पार्ट धुवायचा, मग इंजिन उघडायचा. टॅपेटचा आवाज ओळखायला कान उस्तादच तयार करायचा. गावातला पाटील असो वा मजूर, गाडी बंद पडली की त्याच्याच दारात यायचा. या विश्वासाची नोंद जिल्ह्याच्या कुठल्या इतिहासात नाही.

आता ही साखळी तुटायला आली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाले. कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. दोष शोधायला स्कॅनर लागतो. तो महाग, आणि त्याचे शिक्षण रस्त्यावरच्या गॅरेजात मिळत नाही. दुसरीकडे १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ३०० वरून १,००० रुपये झाली. जुनी गाडी ठेवणे महाग आणि नवी गाडी उस्तादाच्या हाताबाहेर.

राजदूतवरून हिरो होंडावर येताना याच लोकांनी नवे तंत्र शिकून घेतले होते, तेही शाळेशिवाय. आताही ते शिकतील. आयटीआयने संध्याकाळचे वर्ग त्यांच्यासाठी उघडावेत, दहावीची अट न घालता. आणि ज्यांचे केस पांढरे झाले आहेत, त्या उस्तादांना त्यांच्या मुलांनी एकदा वही घेऊन विचारावे. कोणत्या गाडीत काय झिजायचे, हे त्यांना अजून आठवते.