लहान नमुना आणि बार्टलेटची दुरुस्ती

स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेल माहितीशी जुळतं का, हे काय-वर्ग कसोटी सांगते, हे आपण मागच्या वेळी पाहिलं. आजचा प्रश्न असा : हाती साठच माणसांची माहिती असेल, तर त्या कसोटीवर किती विसंबायचं?

कसोटीचा पाया १९३८ सालचा. सॅम्युअल विल्क्स यांनी दाखवलं, की नमुना वाढत गेला की हा आकडा काय-वर्ग वितरणाकडे झुकतो. 'वाढत गेला की', हे महत्त्वाचं. नमुना लहान असला की आकडा फुगतो आणि बरोबर मॉडेलही नापास होतं. एखाद्याची चांगली कल्पना निव्वळ हिशेबापायी फेकली जाते.

इलाजाचं बीज मात्र त्याच्या एक वर्ष आधीचं. १९३७ मध्ये मॉरिस बार्टलेट इंग्लंडमधल्या एका शेती संशोधन केंद्रात काम करत होते. त्यांचा विचार साधा होता : आकड्याची सरासरी जिथे असायला हवी तिथे आणायची, त्यासाठी त्याला योग्य संख्येने भागायचं. १९५० च्या सुमारास त्यांनी हीच युक्ती घटक विश्लेषणाला लावली.

हिशेब करून बघू. माणसं ६०, प्रश्न १२, घटक ३. कसोटीत ६० वजा १, म्हणजे ५९ ने गुणतात. बार्टलेट म्हणतात, त्यातून आणखी ६.८३ वजा करा, उरले ५२.१७. आधी आकडा ५० आला असेल, तर आता ४४.२ होतो. स्वातंत्र्य मात्रा ३३, पाच टक्क्यांची मर्यादा ४७.४. म्हणजे नापास झालेलं मॉडेल पास! माणसं ६०० असती तर ५० चे फक्त ४९.४ झाले असते. निकाल बदललाच नसता.

पण पुढे एक अडचण आली. १९६९ मध्ये कार्ल योरेस्कोग यांनी, संशोधकाने आधीच बांधलेलं मॉडेल तपासायची पद्धत मांडली. बार्टलेटचं सूत्र त्यासाठी काढलेलंच नव्हतं. ते फक्त प्रश्न आणि घटक मोजतं. १९७५ मध्ये ॲडलेडच्या विद्यापीठातल्या प्रबंधात स्वेन यांनी स्वातंत्र्य मात्राही धरणारं सूत्र दिलं. त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. २००७ मध्ये हेर्झोग, बोम्स्मा आणि राइनेके यांनी संगणकावर कृत्रिम नमुने काढून तुलना केली, तेव्हा मोठ्या मॉडेलांत स्वेनची दुरुस्ती चांगली टिकली.

माहितीचं वितरण प्रसामान्य नसेल तर सतोरा-बेंटलर दुरुस्ती वापरतात. तो आजार वेगळा, औषधही वेगळं.

आता एक सावधगिरी. दुरुस्तीने साठ माणसांची सहाशे होत नाहीत. इतक्या लहान नमुन्यात चुकीचं मॉडेलही सहज निसटतं. तेव्हा कोणती दुरुस्ती वापरायची ते निकाल पाहण्याआधी ठरवावं आणि दोन्ही आकडे छापावेत. नाहीतर आपण मॉडेल तपासत नाही, पास करून घेतो.