भुकेची आठवण आणि भरलेले ताट
(सेनगाव परिसरातील आहार-परिवर्तनाचा मागोवा)

समाजाचा इतिहास जसा मंदिरांत, शिलालेखांत आणि जुन्या दप्तरांत नोंदलेला असतो, तसाच तो त्याच्या ताटातही लिहिलेला असतो. सेनगाव परिसरातील गेल्या अर्धशतकाचे ताट पाहिले, तर अन्नटंचाईपासून स्थूलतेपर्यंतचा विलक्षण प्रवास दृष्टीस पडतो. हा प्रवास एकाच आयुर्मर्यादेत घडून आला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी हा सर्व भाग परभणी जिल्ह्यात मोडत असे. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळून निघाला, त्या वेळी खडी फोडणे, रस्ते बांधणे आणि पाझर तलाव खोदणे हाच असंख्य कुटुंबांचा आधार होता. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर राबत होते. परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांच्या आठवणी वृद्धांच्या बोलण्यातून अजूनही पुसल्या गेलेल्या नाहीत. अशा काळात भरलेले अंग हे सुबत्तेचे लक्षण ठरले आणि ‘खात्यापित्या घरचा’ हा शब्दप्रयोग गौरवाचा वाटला, यात नवल ते काय!

त्या दुष्काळाने एक मोठा धडा दिला. भूक हा भुकेल्याचा दोष नसून तिचे निवारण हे शासनाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व महाराष्ट्राने मान्य केले. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याचे अधिष्ठान लाभले. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्य हा हक्क ठरविला. भुकेवरील हा विजय निर्विवाद मोठा आहे.

तथापि, पोट भरण्याच्या या धोरणांबरोबरच ताटही बदलत गेले. ज्या काळ्या जमिनीत पूर्वी खरीप ज्वारी डुलत असे, तेथे सोयाबीनने बस्तान बसविले. स्वस्त धान्य दुकानातून प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळू लागला आणि भाकरीची जागा हळूहळू पोळी-भाताने घेतली. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली. एकेकाळी मोजून वापरले जाणारे तेल पिशव्यांतून घरोघर पोहोचले. मागोमाग खाऱ्या-तळलेल्या पदार्थांची पुडकी आणि शीतपेये किराणा दुकानांत लटकू लागली. दुसरीकडे जाते, आड आणि पायवाट यांची जागा गिरणी, नळ आणि मोटारसायकल यांनी घेतली. बायकांचे कष्ट हलके झाले, हे इष्टच झाले. परंतु आहार वाढत असता श्रम घटले, हेही तितकेच खरे.

परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील अतिवजन अथवा स्थूल स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते ९.३ वरून २२.९ टक्क्यांवर पोहोचले.

या प्रश्नाचे एक खोल मूळ पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उजेडात आणले. १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत त्यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले, की येथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी असली, तरी त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नसते. २००४ मध्ये त्यांनी आपल्या एका इंग्रज सहकाऱ्यासमवेत स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु इंग्रज शास्त्रज्ञाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! मातेच्या पोटातील कुपोषण आणि नंतरचे भरलेले ताट यांच्या संयोगातून मधुमेहासारखे विकार संभवतात, असा या संशोधनाचा आशय आहे. म्हणूनच स्थूल व्यक्तीस ‘खादाड’ म्हणून हिणविणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

मग जबाबदारी कोणाची? शासनाने काही पावले उचलली आहेत. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शालेय उपाहारगृहांतून अतिगोड, अतिखारट व अतिस्निग्ध पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. २०२२ पासून तेल-वनस्पती तुपातील घातक ट्रान्स मेदावर देशभर २ टक्क्यांची मर्यादा आली. केरळने २०१६ मध्ये पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के कर लावला होता. वस्तू व सेवा करानंतर तो संपुष्टात आला. ही पावले स्वागतार्ह असली, तरी कायदा पंक्तीत बसून कोणाचा हात धरू शकत नाही.

येथे जैन परंपरेतील एका तत्त्वाचे स्मरण होते. सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदरी, सांगितली आहे. भुकेपेक्षा थोडे कमी खाणे हे तप मानले गेले. पूर्ण आहार बत्तीस घासांचा धरून त्याहून कमी घेण्याची मोजणीही परंपरेने दिली. एक दिवसाच्या उपवासापेक्षा रोजचा एक घास सोडणे अधिक कठीण, हे अनुभवी जन जाणतात. मात्र संयमाला अर्थ येतो तो अन्न उपलब्ध असताना. १९७२ च्या मजुराचे अर्धे पोट हे तप नव्हते, ती लाचारी होती.

शासन आणि व्यक्ती यांच्या दरम्यान समाज उभा असतो, याचा मात्र अनेकदा विसर पडतो. उपवासाचे पारणे असो वा लग्नाची पंगत, मिष्टान्नांची संख्या हीच प्रतिष्ठेची मोजपट्टी ठरली, तर एकट्यादुकट्याचा संयम आग्रहापुढे कसा टिकावा? पंगतीत एक गोड पदार्थ कमी करणे, ज्वारीच्या भाकरीला मानाचे स्थान देणे, नको म्हणणाऱ्यास आग्रह न करणे, एवढे करण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आजोबांच्या पिढीने भुकेशी झुंज दिली. नातवंडांच्या पिढीला विपुलतेशी झुंजावयाचे आहे. पहिली झुंज सर्वांनी मिळून दिली म्हणून जिंकता आली. दुसरीही एकेकट्यावर सोपवून जिंकता येणार नाही.