शिवेचा साक्षीदार आणि जगाचे न्यायालय

दोन गावांच्या शिवेचा तंटा पेटला की पूर्वी महाराला बोलावणे जाई. हद्दीचा धोंडा कोणता, ओढा कुणाचा, हे त्याला ठाऊक. त्याने चालून दाखवलेली शीव प्रमाण धरली जाई. पण निवाड्याला चावडीवर बैठक बसली की हाच साक्षीदार खाली, उन्हात उभा. ज्ञान त्याचे, निवाडा मात्र दुसऱ्यांचा. हिंजवडीच्या आमच्या वस्तीत आजोबांच्या तोंडून मी हे ऐकले.

पुढे कायदा शिकायला पुण्यात गेलो तेव्हा कळले की शिवेचे तंटे देशादेशांतही असतात आणि ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालतात. त्या न्यायालयाची रंगीत तालीम जगभरचे विद्यार्थी करतात. तिचे नाव जेसप स्पर्धा. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे आणि 1961 ते 1970 या काळात हेगला न्यायाधीश असलेले फिलिप जेसप यांच्या नावाची. दोन काल्पनिक राष्ट्रांतला तंटा दिला जातो. प्रत्येक संघाने दोन्ही बाजूंचे लेखी निवेदन लिहायचे आणि दोन्ही बाजूंनी उभे राहून बोलायचे.

1960 साली हार्वर्डमध्ये ही स्पर्धा सुरू झाली ती एकाच विद्यापीठातल्या दोन संघांत. 1968 पासून अमेरिकेबाहेरच्या महाविद्यालयांना दार उघडले. आज शंभराच्या आसपास देशांचे संघ त्यात उतरतात. स्पर्धा जगाला खुली झाली, असे म्हटले जाते. ते खोटे नाही. पण माझा प्रश्न एवढाच आहे: देशाची हजेरी लागली म्हणजे त्या देशातल्या वस्तीची हजेरी लागली काय?

माझाच अनुभव सांगतो. आमच्या महाविद्यालयात संघ निवडायचा होता. निवड दहा मिनिटांच्या इंग्रजी भाषणावर. मी रात्र रात्र जागून मुद्दे काढले होते. परीक्षक म्हणाले, "मुद्दे चांगले आहेत, पण बोलणे तुटक आहे." निवडले गेले ते सगळे इंग्रजी शाळांतले. त्यांचा दोष नाही. पण त्या दहा मिनिटांमागे बालवाडीपासूनची पंधरा वर्षे उभी होती, हे कुणी मोजले नाही. गंमत अशी की खुद्द स्पर्धेत संघाला नाव नसते, नुसता क्रमांक असतो. न्यायाधीशाला महाविद्यालय कळू नये म्हणून. महाविद्यालय झाकता येते. उच्चार कसा झाकणार?

बाबासाहेबांचा इतिहास येथे नीट वाचला पाहिजे. 1913 मध्ये ते कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. 1916 मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. बुद्धी तीच, दार तेच. आड आला तो पैसा. शाहू महाराजांची मदत, स्वतःची बचत आणि मित्राचे कर्ज यांवर 1920 मध्ये ते पुन्हा गेले आणि 1922 मध्ये बॅरिस्टर झाले. महाडच्या चवदार तळ्याचा दावा 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. अस्पृश्यांना तळ्यावर बंदी करण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. चावडीखाली उभा असलेला माणूस न्यायालयात पक्षकार म्हणून उभा राहिला आणि जिंकला. दार नुसते उघडे असून भागत नाही. दारापर्यंतची वाट कुणीतरी बांधावी लागते.

करोनाच्या साथीमुळे 2020 च्या जागतिक फेऱ्या रद्द झाल्या. 2021 आणि 2022 मध्ये त्या संगणकाच्या पडद्यावर झाल्या. वॉशिंग्टनचे विमानभाडे आणि व्हिसा या भिंती एका फटक्यात पडल्या. म्हणजे त्या निसर्गाने उभारलेल्या नव्हत्या! पण पडदा तरी कुणाकडे होता? आमच्या वस्तीतल्या एका खोलीत चार भावंडांत एक मोबाईल. समोर आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, ज्यांतून रात्रंदिवस साऱ्या जगाशी बोलणे चालते. आणि पलीकडच्या पोराला न्यायाधीशाशी वीस मिनिटे अखंड बोलायला जागा नाही.

मग करायचे काय? बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन अभिरूप न्यायालये करावी लागतात. त्याला तीस गुण आहेत. अनेक ठिकाणी हा सोपस्कार ठरतो. आधी तोच खरा करा. पहिला युक्तिवाद मराठीत होऊ द्या, दुसरा इंग्रजीत. संघाची निवड आधी लेखी निवेदनावर करा, तेही नाव झाकून. प्रवेशशुल्क आणि प्रवासखर्च संस्थेने उचलावा. आम्ही दर रविवारी समाजमंदिरात एवढेच करतो: एक मुलगी वादी राष्ट्र, एक मुलगा प्रतिवादी, आणि बाकीचे खुर्च्यांवर बसून प्रश्न विचारतात.

परवा एकीने शिवेच्या तंट्यावर युक्तिवाद केला. शीव ठरवताना तिच्याकाठी राहणाऱ्यांची साक्ष आधी घ्या, असा तिचा मुद्दा होता. मला आजोबा आठवले. फरक एवढाच की ती उन्हात उभी नव्हती.